आजीसाठी साखर नको, ग्लुकोज

चि. दादूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "घरात साखरेची गोणी पडलीये, मग आजीच्या खाटेजवळ ग्लुकोजचा डबा कशाला?" मी सांगायला लागले, तर मागे तुझ्या मित्रांचा गोंधळ चाललेला आणि तू नुसता "हो, हो" करत होतास. म्हणून लिहायला बसले. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं सुरतेला लग्नाला जाणार, अमळनेरहून गाडी, आणि तेवढे दिवस आजी तुझ्या हवाली. नुसता हुकूम दिला की तू विसरतोस. कारण कळलं की विसरत नाहीस, हे मला तुझ्या शाळेपासून माहीत आहे.

आजीला शुगरच्या दोन गोळ्या आहेत. सकाळची ग्लिमेपिराइड, ती स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. दुसरी व्होग्लिबोज, ती जेवायला बसताना. पहिलीमुळे कधीतरी रक्तातली साखर प्रमाणाबाहेर खाली जाऊ शकते. आणि दुसरीमुळे, अशी खाली गेलेली साखर ही साखर खाऊन लवकर वर येत नाही. वाक्य पुन्हा वाच. आपल्याकडे चक्कर आली की पहिला हात गुळाच्या डब्याकडे जातो, आणि आजीच्या बाबतीत नेमका तिथेच वेळ वाया जाणार. असं का होतं ते समजायला भाकरीपासून सुरुवात करावी लागेल.

दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, तिच्या एका भाकरीला साधारण ८० ग्रॅम पीठ लागतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ५० ग्रॅमच्या आसपास, पिष्ट म्हणजे स्टार्च. स्टार्च ही ग्लुकोजच्या मण्यांची माळ समज. काही माळा सरळ असतात, ते अमायलोज. काहींना मध्ये मध्ये फांद्या फुटलेल्या असतात, ते अमायलोपेक्टिन. एकेका माळेत शेकड्यांपासून लाखापर्यंत मणी. आता गोष्ट अशी की आतड्याच्या भिंतीतून अख्खी माळ आत जात नाही. दोन मण्यांचा तुकडासुद्धा जात नाही. मणी सुटा झाला तरच जातो. तोंडापासून लहान आतड्यापर्यंत भाकरीचं जे काही होतं, ते सगळं एवढ्यासाठी.

आणि हे सावकाश व्हायला हवं, तेही का ते बघ. आजीच्या अंगात रक्त चारेक लिटर. साखर १०० आली असं आपण म्हणतो, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. सगळ्या रक्ताचा हिशोब केला तर ग्लुकोज होतं ४ ग्रॅम, चहाचा एक चमचा. एका भाकरीत त्याच्या बारा पट! ते सगळं एकदम रक्तात उतरलं तर इन्सुलिनची धांदल उडेल, आणि आजीचं इन्सुलिन आधीच कमी पडतं.

कोरड्या भाकरीचा घास तोंडात दोन मिनिटं घोळवून बघ, हळूहळू गोडसर लागतो. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, ते माळेचे तुकडे पाडायला तिथेच सुरुवात करतं. एन्झाइम हा प्रकार माणसाला कळला तोही स्टार्चमुळेच. १८३३ साली फ्रान्समध्ये पायां आणि पर्सोझ या दोघांनी मोड आलेल्या सातूतून स्टार्च तोडणारा पदार्थ वेगळा काढला, डायस्टेज. दाण्याला मोड येतो तेव्हा कोंबाला खायला ग्लुकोज लागतं, म्हणून दाणा स्वतःच हे एन्झाइम तयार करतो. तू सहा महिन्यांचा झालास तेव्हा आजी नागलीला मोड आणून, वाळवून, दळून तुझी पेज करायची. साध्या पिठाची पेज घट्ट गोळा व्हायची, ही पातळ राहायची आणि पोटात जास्त पीठ जायचं. कुठल्या एन्झाइमचं नाव तिला माहीत नव्हतं, पण काम तिने त्याच्याकडूनच करून घेतलं.

असो. तोंडात घास राहतो किती वेळ? आजी तर कवळी बसवल्यापासून दोनदा चावते की गिळते. पुढे जठरात आम्ल. त्या आम्लात लाळेचं अमायलेज बंद पडतं. लगेच नाही, घासाच्या आतल्या भागात आम्ल मुरेपर्यंत त्याचं काम चालू असतं, मग थांबतं. जठर स्वतः स्टार्चला हात लावत नाही.

खरी तोड लहान आतड्यात. जठरातून माल थोडा थोडा खाली येतो, स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळतो, त्यातला बायकार्बोनेट आम्ल मारतो आणि नवं अमायलेज कामाला लागतं. थोड्याच वेळात लांब माळा संपतात. उरतात दोन मण्यांचे तुकडे (माल्टोज), तीन मण्यांचे, आणि फांदीच्या जागचे काही आखूड तुकडे. अमायलेजचं काम इथे संपतं. सुटा मणी त्याच्या हातून जवळपास निघतच नाही.

आता पुढचं मात्र लक्ष देऊन वाच.

लहान आतड्याच्या आतल्या भिंतीवर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांच्या प्रत्येक पेशीवर आणखी बारीक केसांसारखी झालर. शेवटची तोड करणारी एन्झाइमं रसात तरंगत नाहीत, या झालरीतच रोवलेली असतात. माल्टोजचे दोन मणी वेगळे करणारी, फांदी तोडणारी, दुधातली साखर तोडणारी, आणि आपली चहातली साखर तोडणारी, तिचं नाव सुक्रेज. चहातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. दुधातली म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजची. साखरेच्या जोडीला लाळ तोडत नाही, स्वादुपिंडही तोडत नाही. जिभेला ती कितीही गोड लागो, झालरीतल्या सुक्रेजपर्यंत पोचून सुटी झाल्याशिवाय तिच्यातला एक कणही रक्तात जात नाही. गूळही बहुतांश हीच जोडी. आणि तोडल्यावरही त्यातलं निम्मंच ग्लुकोज. फ्रुक्टोज यकृतात जाऊन मग पुढे त्याचं काय ते होतं.

व्होग्लिबोजची गोळी बरोबर या झालरीवर काम करते. तिच्या रेणूची ठेवण साखरेसारखी आहे, म्हणून एन्झाइम फसतं, तिला धरून बसतं, पण तिला तोडता येत नाही. तेवढा वेळ ते एन्झाइम अडकलेलं. त्यामुळे भाकरीचे तुकडे सुटे व्हायला उशीर लागतो, ग्लुकोज आतड्यात पुढे पुढे जात थोडं थोडं शोषलं जातं आणि जेवणानंतरची शुगर एकदम उसळत नाही. रोजच्या जेवणाला हे फार चांगलं. पण शुगर ५५ वर आली असेल, हातपाय थरथरत असतील आणि आपण साखरपाणी पाजलं, तर? साखर आतड्यात पोचणार आणि सुक्रेज अडकलेलं असल्यामुळे तिथेच रेंगाळणार. ग्लुकोज पावडर मात्र मुळातच सुटा मणी. तिला कुणी तोडायची गरजच नाही, म्हणून गोळी तिला अडवू शकत नाही. डबा यासाठी आहे.

सुटा मणी आत कसा जातो, हेही सांगते, कारण यात आपल्या एका माणसाचं मोठं काम आहे. झालरीवर एक वाहक प्रथिन असतं, एसजीएलटी-१. ते ग्लुकोजला एकट्याला आत घेत नाही, मिठातल्या सोडियमबरोबरच घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लोकांना पाजायला सुरुवात केली. छावणीत शंभरातले तीसेक दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. वैशाखात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि दवाखान्यात ओआरएसची पाकिटं वाटतात, त्यामागे हेच. तू उन्हातून बसने येशील, एक पाकीट बरोबर ठेव. साध्या माणसाला मीठ-साखर-पाणीही चालतं, त्याचं सुक्रेज मोकळं असतं ना.

आजीची तक्रार तुला ठाऊक आहे, "पोटमा गुडगुड करस." त्याचंही मूळ या गोळीतच. जे तुकडे लहान आतड्यात सुटे झाले नाहीत, ते मोठ्या आतड्यात जातात. तिथे जंतू वाटच बघत असतात. ते त्यांचं आंबवण करतात आणि वायू धरतो. ज्यांना दूध पचत नाही त्यांचंही असंच. दूध तोडणारं लॅक्टेज कमी पडतं आणि दुधातली साखर खाली जंतूंच्या हाती लागते. ज्वारीच्या कोंड्यातलं सेल्युलोज तर कुणाच्याच झालरीवर तुटत नाही. तेही ग्लुकोजच्याच मण्यांचं आहे, पण मणी जोडायची गाठ वेगळी, आणि ती गाठ सोडवणारं एन्झाइम माणसाकडे नाही. गोठ्यातल्या म्हशीकडेही नाही. तिच्या पोटातले जंतू ते काम करतात, म्हणून कडबा खाऊन ती दूध देते. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतूही चोथ्यातल्या काही भागातून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचं पोषण बरंचसं त्यावरच होतं. गुडगुडीला आजीने फार नावं ठेवू नयेत असं माझं मत. तिला ते पटत नाही.

काकांच्या केळीबद्दलही सांगून ठेवते, कारण तो घरी घड आणून टांगणार आणि तू भोळेपणाने आजीला केळ देशील. कच्च्या केळात पाचवा हिस्सा वजनाला स्टार्च असतो, आणि न शिजवता तो नीट पचतही नाही. रायपनिंग चेंबरमध्ये कॅरेट लावून इथिलीन सोडलं, १६-१८ अंशांवर ठेवलं, की चार-पाच दिवसांत केळातली स्वतःची एन्झाइमं तो स्टार्च तोडून साखर करतात. पूर्ण पिवळ्या, ठिपके पडलेल्या केळात स्टार्च नावापुरता उरतो. म्हणजे आपल्या पोटात जे काही तासांत होतं, ते सावदा गावच्या चेंबरमध्ये चार-पाच दिवसांत होतं. पण पिकलेल्या केळात बरीचशी साखर सुक्रोजच्या, म्हणजे चहातल्या साखरेच्याच, जोडीत असते. म्हणून शुगर उतरली असताना केळ देऊन बसू नकोस. एरवी अर्धं केळ जेवणात चालतं, डॉक्टरांनी तिला परवानगी दिली आहे आणि ती परवानगी ती दिवसातून दोनदा वापरते.

लॅबमध्ये रोज एक तरी पेशंट मला सांगतो, "ताई, मी तर साखरेचा चहा केव्हाच सोडला, मग पीपी २६० कशी?" पीपी म्हणजे जेवणानंतर दोन तासांची शुगर. विचारलं काय खाल्लं, तर एकादशी होती, साबुदाण्याची खिचडी, वरून बटाट्याची भाजी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, बटाट्यातही तोच. शुगर-फ्री म्हणून जी बिस्किटं मिळतात ती तर मला बघवत नाहीत. मैद्याचं बिस्किट झालरीपर्यंत पोचल्यावर ग्लुकोजच होणार ना! त्यापेक्षा कळण्याची भाकरी परवडली. ज्वारीत अख्खे उडीद दळलेले, चोथा जास्त, प्रथिनं जास्त, आणि सोबत भरीत असलं तर जठरातून माल खाली यायला आणखी वेळ लागतो. ग्लुकोज त्यातूनही निघतंच, पण रेंगाळत निघतं. रात्रीची शिळी भाकरी दुधात कुस्करून आजी खाते, तिलाही माझी हरकत नाही. शिजलेला स्टार्च गार झाला की त्यातला थोडा भाग पुन्हा घट्ट बसतो आणि एन्झाइमांना दाद देत नाही.

आणि हो, पीपीचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. हात धुतल्यापासून नव्हे. हे मी चोपडा गावच्या लॅबमध्ये इतक्या लोकांना सांगितलंय की स्वप्नातही सांगत असेन. रक्त काढल्यावर ते करड्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घालतो, तिच्यात फ्लोराइड असतं. साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर रक्तातल्या पेशी ग्लुकोज खातच राहतात आणि दर तासाला पाच-सात टक्के आकडा उतरतो. तू घरी ग्लुकोमीटरवर बघशील तेव्हा ही भानगड नाही, थेंब काढला की लगेच आकडा. फक्त बोट आधी साबणाने धुऊन कोरडं कर. हाताला आंब्याचा रस लागलेला असला तर मीटर त्या रसाची शुगर दाखवेल.

आता काय करायचं ते.

शुगर उतरते तेव्हा आधी मेंदूची उपासमार होते. त्याला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं आणि त्याच्याकडे साठा जवळपास नाही. यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेलं ग्लुकोज, असतं, रात्रभर त्यातूनच सगळ्यांची सोय होते, पण जास्त इन्सुलिन सुटलेलं असेल तर यकृतही दार बंद करून बसतं. मग घाम, थरथर, छातीत धडधड, आणि मग बोलणं अडखळतं. आजीचं लक्षण वेगळंच, ती आधी चिडते. विनाकारण तुझ्यावर ओरडली, "माले काहीच व्हयनं नही, जाय तू आठून" असं म्हणाली, आणि कपाळ ओलं दिसलं, तर वाद घालू नकोस, बोट टोच. ७० च्या खाली आकडा आला की ग्लुकोज पावडर १५ ग्रॅम, चहाच्या चमच्याने तीन भरून, अर्धा पेला पाण्यात. डब्यावरचे घटक मी बघून आणलेत. नवीन आणायची वेळ आली तर तूही बघ, काही स्वादाच्या पावडरीत साखरही मिसळलेली असते. घोट घोट पिऊ दे. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोच. अजून ७० खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी-वरण किंवा दूध-भाकरी दे, कारण सुटं ग्लुकोज जितक्या लवकर येतं तितक्याच लवकर संपतं आणि सकाळच्या गोळीचा असर दिवसभर राहतो.

डबा सापडलाच नाही तर मध. मधमाशीने फुलातल्या साखरेची जोडी आधीच बरीचशी तोडून ठेवलेली असते, त्यात सुटं ग्लुकोज मिळतं. गूळ, साखर, पेढा, शेजारच्या काकूंनी आणलेलं सरबत, यातलं काही नको, त्या कितीही आग्रह करोत. आणि आजी गुंगीत असेल, नीट गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकोजसुद्धा नाही, श्वासनलिकेत जाईल. तेव्हा १०८ ला फोन, मग डॉक्टरांना, मग मला. याच क्रमाने.

आम्ही नसताना मध्ये एकादशी येतेय. ती उपास करणारच, मी थांबवून थकले. डॉक्टरांनी त्या दिवशीच्या गोळ्यांचं लिहून दिलं आहे, तो कागद फ्रिजवर लावलाय, त्याप्रमाणेच दे. एरवीही ती जेवली नाही तर गोळ्या काढून हातात देऊ नकोस, आधी डॉक्टरांना विचार. व्होग्लिबोज ताट वाढल्यावरच, पहिल्या घासाच्या आधी. जेवण उरकल्यावर आठवली तर राहू दे. तोवर माल झालरीपर्यंत पोचून तुटायला लागलेला असतो, गोळी उशिरा जाऊन पुरतं काय अडवणार?

तुझी,
आई

ता. क. पुण्याहून येताना ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची एक डबी घेऊन ये, इथल्या दुकानात आपल्या मीटरच्या संपल्यात. मुदतीची तारीख बघून घे. मीटरचा फोटो पप्पांनी तुला पाठवलाय.